आपण असतानाच मुलाला निवासी संस्थेत ठेवावं का, आणि तिथे त्याचा दिवस जातो कसा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा ३१ वर्षांचा, डाउन सिंड्रोम, बोलणं जरा अस्पष्ट पण घरच्यांना सगळं कळतं. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली, नंतर काही वर्षं कार्यशाळेत जायचा, लॉकडाउनमध्ये ते सुटलं ते सुटलंच. मिस्टर गेले, ते सरकारी नोकरीत होते, तुमचे गुडघे कुरकुरतायत, मुलगी बंगळूरला तिच्या संसारात आहे, आणि आता घरात तो, तुम्ही आणि टीव्ही. तुम्ही विचारलंय की अशा संस्थेत दिवसभर नेमकं चालतं काय, तो तिथे रमेल का, चांगली जागा ओळखायची कशी, आणि आपण असताना पाठवलं तर लोक "मुलाला टाकलं" म्हणतील त्याचं काय.

मी पुणे जिल्ह्यात प्रौढ बौद्धिक अपंग व्यक्तींच्या निवासी संस्थेत बरीच वर्षं काम करतेय. आधी विशेष शिक्षिका होते, मग तिथल्याच एका घरात राहून ते घर चालवलं, आता नवीन येणाऱ्या मावश्यांना आणि दादांना, म्हणजे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना, ट्रेनिंग देते. तेव्हा जे सांगतेय ते रोज डोळ्यांसमोर बघितलेलं आहे.

आधी थेट उत्तर देते. पाठवा, आणि तुमचे हातपाय धड आहेत तोवर पाठवा. कारण उलट झालं तर काय होतं ते मी वारंवार बघितलंय. आई गेली की तेराव्यानंतर आठवड्याभरात काका किंवा भाऊ गाडीत घालून घेऊन येतात, म्हणजे त्या माणसाची आई गेली, घर गेलं, पलंग गेला, सकाळचा चहा ज्या कपात मिळायचा तो कपही गेला, सगळं एकाच महिन्यात, आणि त्याला समजावून सांगायला त्याची भाषा कळणारं एकमेव माणूस होतं तेच गेलेलं. अशा वेळी कितीही चांगली जागा असली तरी त्याला रुळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. याउलट आई दर महिन्याला भेटायला येतेय, फोनवर बोलतेय, दिवाळीला घरी नेतेय, असं असलं की तो दोन घरांचा होतो आणि पुढे कधी एक घर गेलं तरी दुसऱ्यात पाय रोवलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आयुष्य. अमेरिकेतली आकडेवारी बघा, १९८३ च्या सुमाराला डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया लहानपणीच व्हायला लागल्या, हा त्यातला मोठा भाग. म्हणजे आधीच्या पिढीतल्या आईवडिलांना बहुतेकदा आपल्यामागे याचं काय हा प्रश्न पडायच्या आतच मूल जायचं, तुमच्या पिढीला मात्र तो पडणारच, त्यात तुमचं काही चुकलेलं नाहीये.

आता दिवसभर काय चालतं ते सांगते.

आमच्याकडे राहणारे एक दादा आहेत, वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं पाच-सहा शब्दांचं. त्यांचं काम ताटं मांडायचं. मोजता येत नाही त्यांना, दहाच्या पुढे तर नाहीच, पण ते ताट मांडताना प्रत्येक जागेकडे बघून तोंडातल्या तोंडात नाव घेतात, आणि कोण घरी गेलंय, कोण आजारी आहे म्हणून खोलीत जेवणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. कुणाला वाटी डाव्या बाजूला लागते कारण उजवा हात चालत नाही, कुणाचा पेला स्टीलचा नको प्लास्टिकचा हवा कारण हात थरथरतो, ते कुणी शिकवलं नाहीये, त्यांनी बघून बघून उचललंय. ते सुट्टीवर घरी गेले की आमचं जेवण अर्धा तास लांबतं, खरंच लांबतं, आणि परत आले की चार जण दारातच तक्रार करतात की माझं ताट चुकीचं मांडलं होतं. ताई, त्या तक्रारीची किंमत मला फार वाटते. या माणसावाचून कुणाचं तरी अडलं! घरी तेच दादा तीस वर्षं सोफ्यावर बसून होते, आई अतिशय प्रेमळ, त्यांना पाण्याचा ग्लासही उचलू द्यायची नाही.

माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. संस्थेत किती छान सांभाळतात हे बघायला लोक येतात, फरशी चकाचक आहे का, जेवणात पनीर असतं का, सीसीटीव्ही आहे का. ते असूदे. पण तुम्ही बघा की तिथे राहणाऱ्या माणसाची गरज तिथे दुसऱ्या कुणाला आहे का. नुसतं सांभाळून घेतलं गेलेलं माणूस कोमेजतं, मग ते तुमच्या घरात असो नाहीतर संस्थेत.

सकाळ साडेसहाला सुरू होते, अंघोळी, ज्याला मदत लागते त्याला मदत, चहा, मग सगळे मिळून प्रार्थना किंवा एखादं गाणं, पथ्याचं काही असेल तर ते, गोळ्या. नऊ-साडेनऊला कामं. स्वयंपाकघरात भाजी निवडणं हे सगळ्यात मोठं काम, रोजच्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि लसूण सोलणं म्हणजे सहा-सात जणांचा पूर्ण तास, आणि गप्पा तिथेच होतात. काही जण गोठ्यात, काही गांडूळखताच्या वाफ्यावर, काही बागेत, काही कार्यशाळेत. कार्यशाळेत जुलैपासूनच दिवाळीच्या पणत्या रंगवायला घेतात, उटण्याची पाकिटं भरतात, कागदी पिशव्या, फायली. एका कामाचे तुकडे करून वाटायचे असतात, म्हणजे पिशवीचा कागद घडी घालणारा एक, गोंद लावणारा दुसरा, दाबून धरणारी तिसरी, आणि नाडी ओवणारी जी सगळ्यात बारीक बोटांची ती चौथी. दुपारी विश्रांती, मग चार वाजता चहा, फिरायला जाणं, कॅरम, टीव्हीवर मालिका (मालिकेवरून भांडणं), रात्रीचं जेवण, नऊला दिवे बंद.

हे वाचून तुम्हाला वाटेल यात विशेष ते काय. तेच तर हवंय. १९६९ मध्ये स्वीडनच्या बेंग्त निर्ये यांनी एक तत्त्व लिहून काढलं की बौद्धिक अपंग माणसाला इतरांसारखीच दिवसाची लय, आठवड्याची लय आणि वर्षाची लय मिळाली पाहिजे, म्हणजे झोपायची खोली वेगळी, कामाची जागा वेगळी, करमणुकीची वेगळी, रविवार सोमवारपेक्षा निराळा, सुट्टी आणि सण ठरल्या वेळी. आज हे कुणालाही सहज पटेल, पण त्या काळात युरोप-अमेरिकेत अशी माणसं मोठमोठ्या वॉर्डांमध्ये राहायची, जिथे खाणं, झोपणं, बसणं सगळं एकाच हॉलमध्ये आणि रविवार कधी आला ते कळायचंही नाही. आपल्याकडेही अशी ठिकाणं अजून आहेत. म्हणून बघायला जाल तेव्हा विचारा, कालचा रविवार कसा गेला? उत्तर देणारा अडखळला तर समजून जा.

सोबत राहण्याच्या कल्पनेची मुळं दोन-तीन ठिकाणी आहेत. १९४० मध्ये व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेले बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग यांनी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल सुरू केलं, तिथे काम करणारे आणि अपंग माणसं एकाच घरात कुटुंबासारखी राहतात, शेती-बेकरी-हातमाग असं काम सगळे मिळून करतात. तो विचार आपल्याकडे मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यातल्या साधना व्हिलेजपर्यंत पोचलाय. दुसरीकडे पालकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या संस्था आहेत, बदलापूरची आधार, डोंबिवलीजवळ खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं घरकुल. मला पालकांनी उभ्या केलेल्या जागांबद्दल फार आदर आहे, कारण त्या लोकांनी स्वतःच्या मुलासाठी घर बांधता बांधता दुसऱ्यांच्याही मुलांना खोल्या ठेवल्या.

रमेल का? पहिले काही आठवडे नाही रमणार, हे आधीच मनाशी धरा. रडेल, जेवणार नाही, बॅग भरून दारात बसेल, फोनवर "आई ने मला" म्हणेल. त्या वेळी तुम्ही लगेच नेलंत तर त्याला कळेल की बॅग भरली की आई येते, आणि पुढचा प्रयत्न दुप्पट अवघड होईल. पण म्हणून "महिनाभर भेटायचं नाही, फोन नाही" असा नियम सांगणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास नाही. फोन ठरल्या वेळी, रोज एकाच वेळी, पाच मिनिटं, आणि भेटायची तारीख कॅलेंडरवर त्याला स्वतःला रंगवता येईल अशी. त्याला दिवस मोजता आले नाहीत तरी रोज एक चौकोन खोडता येतो.

रमल्याची खूण म्हणजे भांडण. नवीन माणूस पहिले दोन-तीन महिने फार शहाण्यासारखं वागतं, मग एक दिवस झांजा कुणी वाजवायच्या यावरून कुणावर तरी ओरडतं. गणपतीत आमच्याकडे आरतीच्या वेळी झांजांवरून दरवर्षी वाद होतो, दहा दिवसांच्या पाळ्या भिंतीवर फोटो चिकटवून लावाव्या लागतात, आणि तरी पाचव्या दिवशी कुणीतरी दुसऱ्याचा फोटो काढून आपला लावतंच. ही भांडणं आम्ही लगेच सोडवत नाही, आठवड्याच्या बैठकीत आणतो. दर शनिवारी सगळे गोल करून बसतात, ज्याला बोलता येत नाही तो चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवतो, आणि या आठवड्यात काय आवडलं, कुणी त्रास दिला, रविवारी नाश्त्याला काय, कुठे फिरायला जायचं ते तिथे ठरतं. ठरलेलं पाळलं जातं, हे महत्त्वाचं. ज्यांना सगळं आयुष्य कुणीतरी "चल, हे घाल, ते खा" सांगत आलंय त्यांच्या एका शब्दाने रविवारी मिसळ झाली, की पुढच्या शनिवारी ते माणूस ताठ बसतं.

गावाशी संबंध आहे का तेही बघा. कुंपणाच्या आतच सगळं असेल, न्हावीसुद्धा आत येत असेल, तर ते मला पुरेसं वाटत नाही. आमचे लोक गावातल्या दुकानात जातात, आठवडी बाजारात भाजी आणतात, जत्रेला पालखीत चालतात. सुरुवातीला गावातली पोरं मागे लागायची, टवाळी करायची. ती कधी थांबली? गावातल्याच बायका मावशी म्हणून कामाला लागल्या तेव्हा, कारण मग "माझ्या आईच्या संस्थेतला दादा" झाला तो. रस्त्यावर एकट्याने जाण्यात धोका असतोच. पण रॉबर्ट पर्स्के नावाच्या एका अमेरिकन कार्यकर्त्याने १९७२ मध्येच मांडलं होतं की थोडा धोका पत्करायला मिळणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे, सगळ्या धोक्यांपासून वाचवलं तर आपण त्याचं जगणंच काढून घेतो. आधी सोबत जायचं, मग वीस पावलं मागून, मग दुकानदाराला फोन करून ठेवायचा, मग एकटं. वर्ष लागलं तरी चालेल.

आता जरा कडू विषय. संस्था चालवणारं माणूस कितीही मोठं, कितीही साधं राहणारं, कितीही पुरस्कार मिळालेलं असलं तरी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. फ्रान्समध्ये १९६४ साली ज्याँ व्हानिए यांनी लार्श ही बौद्धिक अपंग माणसांसोबत एकत्र राहण्याची संस्था सुरू केली, जगभर तिच्या शाखा, भारतातही आशा निकेतन नावाने बंगळूर, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी. माणूस जिवंतपणी संत मानला जायचा. २०१९ मध्ये ते गेले आणि २०२० मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीत बाहेर आलं की त्यांनी अनेक वर्षं किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, बोलू शकत होत्या, तरी त्यांना इतकी वर्षं ऐकलं गेलं नाही. मग ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. लार्शने ते स्वतःहून जगापुढे मांडलं याला मी मानते, आणि तिथली माणसं आजही एकत्र राहतायत. पण आपल्याकडे बहुतेक संस्था एका व्यक्तीभोवती किंवा एका जोडप्याभोवती उभ्या असतात, म्हणून विचारा की विश्वस्त मंडळात पालक आहेत का, अपंग व्यक्तींपैकी कुणी आहे का, संस्थापकाला नाही म्हणणारं कोण आहे, तक्रार करायची झाली तर संस्थेच्या बाहेरचं कोणतं माणूस आहे, आणि पालक न कळवता कधीही येऊ शकतात का. शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर तिथून निघा.

शरीराबद्दलही स्पष्ट बोलते कारण पालक विचारत नाहीत. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढून टाकली गेली, कारण काय तर पाळीच्या वेळी स्वच्छता राखता येत नाही. केवढा गदारोळ झाला होता. आम्ही ज्या मुलींना पॅड बदलायला शिकवलं, चित्रांची पट्टी बाथरूममध्ये लावून, रंगीत पाणी ओतून सराव करून, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी आता स्वतः करतात आणि ज्यांना जमत नाही त्यांना मावशी करते, यात अशक्य असं काहीही नाही. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या मनाविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असा निकाल दिला. तुमचा मुलगा आहे, पण तोही पुरुष आहे, त्याला कुणीतरी आवडेल, खोलीत एकट्याने काही करावंसं वाटेल. दार लावून स्वतःच्या खोलीत, हे त्याला शिकवतात की त्याला मारतात, हे विचारायला लाजू नका. कुणाला कुठे हात लावू द्यायचा नाही हेही शिकवलेलं असलं पाहिजे, आणि तेही एकदा सांगून नाही, दर काही महिन्यांनी.

तब्येतीचं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड बिघडणं नेहमीचं आहे, वर्षातून एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घेणारी संस्था हवी. कान, डोळे (मोतीबिंदू लवकर येतो), घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, हेही बघावं लागतं. आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश लवकर येऊ शकतो, कारण मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं त्याचं जनुक नेमकं २१ व्या गुणसूत्रावर असतं आणि यांच्याकडे त्याची एक प्रत जास्त. म्हणून आत्ताच, तो ३१ चा असताना, त्याला काय काय येतं ते लिहून आणि व्हिडिओ करून ठेवा, शर्टाची बटणं लावतो, गाणं म्हणतो, बहिणीला नावाने हाक मारतो. पंधरा वर्षांनी डॉक्टरला तुलना करायला तेच उपयोगी पडेल.

आणखी एक. आमच्या लोकांचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. आमच्याकडे राहणाऱ्या एक ताई अचानक स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागल्या, नवीन मावशीने वहीत लिहिलं "हट्टीपणा वाढलाय". आमच्या जुन्या मावशीने ते वाचलं, ताईंना बर्फाचा तुकडा चोखायला दिला आणि त्या डाव्या बाजूला दचकल्या. दाढ किडलेली होती, खाली पू. दाढ काढली, मारणं थांबलं. म्हणून बघायला जाल तेव्हा वही मागा. रोजची नोंदवही कुठली संस्था कशी लिहिते त्यावरून मला तिथलं सगळं कळतं. "शांत होता" एवढंच रोज लिहिलेलं असेल तर कुणी बघत नाहीये. "दुपारी जेवला नाही, वरण बाजूला सारलं, चारला पोट धरून बसला" असं असेल तर बघणारं माणूस आहे. आणि मावश्या किती वर्षं टिकल्यात ते विचारा, त्यांना पगार वेळेवर मिळतो का तेही विचारा, मागच्या दाराने त्यांच्याशीच बोलून घ्या. दर सहा महिन्यांनी सगळी माणसं बदलत असतील तर तुमच्या मुलाने जीव लावायचा कुणाला?

तुम्ही लिहिलंय की बाबा गेल्याचं त्याला "गावाला गेलेत" असं सांगितलंय. ताई, ते आता बदला, संस्थेत जायच्या आधीच. तुम्ही त्या वेळी ज्या अवस्थेत होतात त्यात दुसरं काही सुचणं कठीणच होतं, पण तो वाट बघत असणार, आणि उद्या तुम्ही त्याला सोडून गाडीत बसाल तेव्हा त्याला वाटेल आईपण गावाला गेली. साध्या शब्दांत सांगा, बाबा मेले, ते परत येणार नाहीत, फोटोला हार त्याच्या हातून घाला, वर्षश्राद्धाला त्याला पुढे बसवा. आमच्याकडे एकाची आई गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले त्याला कळवू नका. आम्ही आग्रह धरला, तो जाऊन पाणी देऊन आला. परत आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर एकाने सरळ विचारलं, "तुझी आई मेली?" तो म्हणाला हो. "माझी पण," असं म्हणून त्याने आपल्या ताटातली भाकरी त्याच्या ताटात ठेवली, मग आणखी दोघं म्हणाले माझी पण, माझे बाबा पण, आणि जेवण सुरू झालं. आपण शहाणी माणसं जे बोलायला घाबरतो ते त्या लोकांनी एका मिनिटात बोलून टाकलं. हे घरी एकट्या मुलाला मिळत नाही, कारण तुमच्या सोसायटीत त्याच्यासारखं दुसरं कुणी नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण उद्यापासूनच लागा. अठरा पूर्ण झाली की आई ही कायद्याने आपोआप पालक राहत नाही, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, ते तुम्ही घ्या आणि पुढे मुलीचं नाव कसं येईल ते तिथेच विचारा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढा. नॅशनल ट्रस्टच्याच निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आधी मेडिकल तपासणी लागत नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो, फक्त दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. मिस्टर सरकारी नोकरीत होते म्हणजे तुम्हाला कुटुंब निवृत्तीवेतन असेल, तुमच्यानंतर ते अपंग मुलाला आयुष्यभर मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि प्रमाणपत्र तुम्ही हयात असताना कार्यालयात नोंदवलेलं असलं की पुढची धावपळ वाचते. फ्लॅट त्याच्या नावावर करून मोकळं होऊ नका, वकिलाकडून मृत्युपत्र करा, जमलं तर खासगी ट्रस्ट करा. संस्थेला मोठी रक्कम एकरकमी देण्याआधी लेखी घ्या की त्याला ती जागा मानवली नाही तर किती परत मिळेल. आणि कुणी नातेवाईक मनोरुग्णालय सुचवत असेल तर ठाम नाही म्हणा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अपंगत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय.

आता लोक काय म्हणतील. तुमची मुलगी लग्न करून बंगळूरला गेली तेव्हा कुणी म्हणालं का की तुम्ही तिला टाकलं? तिचं वय झालं, तिला तिचं घर, तिची माणसं मिळाली, तुम्ही पेढे वाटलेत. हा ३१ वर्षांचा माणूस आहे, त्यालाही आईशिवायची चार माणसं असावीत, त्याचंही एक काम असावं, त्यानेही सुट्टीत आईकडे यावं आणि चार दिवसांनी म्हणावं की मला जायचंय, माझी कामाची पाळी आहे. टाकणं काय असतं ते मी बघितलंय, दिवाळीला सगळ्यांच्या गाड्या येतात आणि एखाद्याची येत नाही, फोन लावला तर नंबर बदललेला असतो. तुम्ही त्यातल्या नाही, तुमच्या प्रश्नातच ते दिसतं.

सुरुवात अशी करा. तीन-चार जागा बघा, प्रत्येक ठिकाणी एकदा सकाळी कामाच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी सहा-सातला न सांगता जा, कारण संध्याकाळी माणसं कमी असतात आणि खरं चित्र तेव्हा दिसतं. तिथे राहणाऱ्यांशी बोला, नुसतं ऑफिसात बसून चहा पिऊन येऊ नका. आवडलेल्या जागी आत्ताच अर्ज करून ठेवा, वेटिंग बहुतेक सगळीकडे आहे. मग मुलाला घेऊन एक दिवस, मग एक रात्र, मग आठवडा, मग एक महिना, आणि प्रत्येक वेळी तो घरी परत येतो हे त्याला दिसू द्या.

पहिल्या आठवड्याच्या मुक्कामाला देताना नवे कपडे घेऊ नका, वापरातलेच द्या, त्याची उशी, त्याचा कप. एका कागदावर मोठ्या अक्षरात गोळ्या आणि वेळा. दुसऱ्या कागदावर त्याची भाषा, पाण्याला तो काय म्हणतो, संडासला काय म्हणतो, दुखलं तर कसा बसतो, कशाने घाबरतो (फटाके? कुत्रं?), चिडला की कशाने शांत होतो, झोपताना लाइट लागतो का. हा दुसरा कागद मुलीलाही फोनवर वाचून दाखवा, तिला लहानपणीचे काही शब्द आठवतील जे तुमच्याकडून राहून गेले असतील. आणि कार्यशाळेत त्याचा कुणी मित्र होता का ते आठवा, त्याच्या घरी फोन करा, त्याचे आईवडीलही बहुधा हाच विचार करत असतील, दोघं मिळून एकाच ठिकाणी गेले तर पहिला महिना पुष्कळ सोपा जातो.